संध्याकाळचा पेला

ते साल दोन हजार चोवीस. फेब्रुवारीचा महिना होता आणि मृग बहाराच्या मोसंबीची तोड चालू होती. पण आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, त्यामुळे फळ इतकं थोडं की बाया पानं बाजूला सारून शोधत होत्या. त्या महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी, अंबडच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या खिडकीत सगुणाबाईंनी रसाचा एक पेला ठेवला. मग अकरा देशांत बाटल्या विकणारं ते सगळं घर दिवसभर त्या एका पेल्यापाशी खोळंबून राहिलं.

पेला जुनाच होता. जाड बुडाचा, उभ्या कंगोऱ्यांचा. सगुणाबाईंच्या यजमानांनी, तातेरावांनी, फार वर्षांपूर्वी हैद्राबादच्या एका इराण्याकडून मागून आणलेला. सगुणाबाईंनी त्यावर ओल्या मलमलीचा तुकडा टाकला, कडा नीट ओढून घेतल्या आणि रोजच्या पूजेसारखं म्हटलं, "दिवेलागणीला बघू."

"आजी, तीन वाजता बघितलं तर?" हरिओमने विचारलं. सगुणाबाईंचा हा नातू परदेशी व्यापाराचं बघायचा. सकाळपासून त्याच्या हातातला फोन खाली गेला नव्हता. "नादिया मॅडमना रात्रीचं विमान गाठायचंय. सह्या इथंच उरकल्या तर बरं."

"तीन वाजता संध्याकाळ होती का रे?"

"आता काळ बदललाय, आजी."

"बदलला आसंल. रस न्हाई बदलला."

खुर्चीवर बसलेल्या नादियाबाईंना काय चाललंय ते कळलं नाही, पण त्या हसल्या. कैरोहून त्या भागीदारीच्या करारासाठी आल्या होत्या. त्यांच्यासोबत तिकडच्या गोड संत्र्यांच्या चार पेट्या विमानाने आल्या होत्या. पहाटेच जालन्याच्या कारखान्यातल्या नव्या यंत्रावर ती फळं पिळून झाली होती. खिडकीतल्या पेल्यात तोच रस होता. तो सगळ्यांनी चाखला होता आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. तिकडे नदीकाठी पाणी भरपूर, फळ भरपूर. यंत्र पास झालं की तिथे कारखाना उभा राहणार, त्यांच्या 'बारव' कंपनीचा देशाबाहेरचा पहिला कारखाना. रस तिकडचा, झाडं तिकडची, आणि बाटलीवर चित्र मात्र अंबडच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बारवेचं.

सगुणाबाईंना कधी कधी वाटायचं, ही सगळी वाढ आपल्याला डुलकी लागली असताना झाली. डोळे मिटले तेव्हा अंबडच्या स्टँडसमोर हातगाडी होती, तातेराव गिऱ्हाइकाला हाका मारत होते, आणि धाकटा दीर रामकिसन बादलीतल्या पाण्यात पेले विसळत होता. डोळे उघडले तर नवीन जालन्यात स्टेशनजवळ, बियाणं कंपन्यांच्या पाट्यांच्या गर्दीत, 'बारव'ची चार मजली इमारत. मधे कधीतरी लोणची आली, आवळा आला, चिंचेचं सरबत आलं. कधीतरी दुबईला पहिला कंटेनर गेला आणि त्याच्यासमोर नारळ फोडताना मुलगा बद्रीनाथ लहान मुलासारखा रडला. नैरोबीला गोदाम झालं. लेस्टरच्या दुकानांतून ओळखीचं चित्र दिसलं म्हणून कुणी कुणी फोटो पाठवायला लागले.

ही सगळी उंची एका नेमावर उभी होती. मोसंबीचा रस फसवा असतो. काढला तेव्हा साखर, आणि चार-सहा तासांनी त्यात कडवटपणा उतरतो. सालीखालचा पांढरा भाग दाबला गेला, बी चिरडली गेली, की हमखास. हे पहिल्यांदा ओळखलं ते रामकिसनने. हातगाडीवर उरलेला रस संध्याकाळी पिऊन तो म्हणाला होता, "दादा, तुमचा कडू झाला, वैनीच्या हातचा न्हाई झाला." सगुणाबाई साल आणि पांढरं काढून, बीला धक्का न लावता तळव्याने फळ पिळायच्या. तेव्हापासून नेम पडला. मोसमाचा पहिला घाणा असो की नवं यंत्र, सकाळच्या रसाचा एक पेला खिडकीत राहायचा. तो संध्याकाळी प्यायचा आणि गोड लागला तरच बाटल्या भरायच्या.

नेम ज्याने घातला तो माणूस मात्र पंचेचाळीस वर्षं या शेडमध्ये आला नव्हता.

आज तो यायचा होता.

*

रामकिसन आला तो परतूरहून दोन एसट्या बदलून. बद्रीनाथ गाडी पाठवणार होता, पण त्याने ऐकलं नाही.

"फुकटचा पास असताना गाडी कशाला?" तो फाटकाशी म्हणाला. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला हा माणूस बहात्तराव्या वर्षीही तोल सांभाळत, पाय फाकवून उभा राहायचा. जणू जमीन केव्हाही वळण घेईल. "खर्चा कशाला वाढवायचा कंपनीचा?"

"कंपनी तुमचीच आहे, काका," बद्रीनाथ म्हणाला.

"माझी कशानं? माझी ही एक हाय." त्याने आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. आकांक्षा त्याची नात. परभणीला अन्नतंत्र शिकली आणि तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या मनाविरुद्ध 'बारव'मध्ये लागली. नवं यंत्र तिने बसवलं होतं, आणि ते पास होतंय की नाही हे बघायला या म्हणून तिनेच त्याला महिनाभर विनवलं होतं.

सगुणाबाई ओट्यावर उभ्या होत्या. तातेराव गेले तेव्हा रामकिसन आला होता, पण लांब लिंबाखाली उभा राहून, पाणीही न पिता परत गेला होता. त्यानंतर लग्नाकार्यात रामराम तेवढा.

"या भाऊजी."

"आलो, वैनी."

एवढंच. तो आत आला. पेल्याच्या खिडकीकडे त्याची नजर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. सगुणाबाईंनी ते पाहिलं.

"पेला आज भाऊजी पितील," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"मी न्हाई." रामकिसनने हात जोडले. "माझ्या जिभेचा भरवसा न्हाई, वैनी. तुम्हाला तर ठावं हाय."

ती हकीकत घरात सगळ्यांना माहीत होती, निदान तसं त्यांना वाटत होतं. एकोणऐंशी साली हैद्राबादला गेलेला पहिला मोठा माल कडू निघून परत आला होता. पेला रामकिसन प्यायला होता आणि त्याने गोड म्हणून सांगितलं होतं.

स्वयंपाकघरात सून उमा, हरिओमची आई, भाकरी थापत होती. सगुणाबाई मागे येऊन बसल्या तशी ती हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका. पण काकांना आजच कसं यावंसं वाटलं? कंपनी परदेशात निघाली, कागदं व्हायला लागली, अन् आजच?"

"पोरीनं बोलवलं म्हणून आले."

"पोरगी पण काही कमी नाही. हरिओम म्हणतो, सगळं तिच्याच विचारानं चालतं आता. उद्या आजोबाला पुढं करून हिस्सा मागतील, मग?"

"मागितला तर देऊ."

उमाचा हात थांबला. "तुमचं आपलं कायतरीच."

"तुला भाकर करपून राह्यली, ती बघ."

*

जेवायला शेडच्या पडवीत पंगत बसली. भाकरी, वांग्याचं भरीत, मेथीची पातळ भाजी, ठेचा. नादियाबाईंनी ठेचा बोटभर चाटला, डोळे पुसले आणि आणखी मागितला, तेव्हा उमाला त्या पहिल्यांदा आवडल्या.

हरिओम आणि बद्रीनाथचं बोलणं चाललं होतं.

"पप्पा, तुम्ही तरी सांगा आजीला. लॅबचे आकडे चांगले आहेत. जगात कुणी पेला ठेवून कारखाना काढतं का?"

"सकाळी मी तुझ्याच बाजूनं होतो," बद्रीनाथ म्हणाला. "पण काका आले अन् मला त्या परत आलेल्या बाटल्या आठवल्या. तेरा वर्षांचा होतो मी. बाराशे बाटल्या ओतल्या आम्ही त्या चारीत. आठ दिवस माशा होत्या. तुझे आजोबा जेवत नव्हते."

"ती चूक माणसाची होती. यंत्राची नाही."

हे तो जरा मोठ्याने बोलला. आकांक्षाने ताटातून मान वर केली. "दादा, आबा इथं बसलेत."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"नाव घ्यायला कुठं लागतं?"

"राहू दे गं," रामकिसन म्हणाला. "खरंच तर बोलला तो."

उमाला वातावरण सावरायचं होतं. ती भाजीचं पातेलं घेऊन रामकिसनसमोर वाकली. "काका, भाजीत मीठ बराबर आहे ना? घाईत टाकलंय."

रामकिसनने घास घेतला, चावला, गिळला. मग शेजारी वळून विचारलं, "बराबर हाय का गं?"

"बरोबर आहे, आबा."

"बराबर हाय," त्याने उमाला सांगितलं.

उमा हसली. "म्हणजे तुम्हाला कळलं नाही होय?"

"त्यांना कळतं," आकांक्षा म्हणाली, "पण ते कधी सांगत नाहीत. आज्जी होती तोवर तिला विचारायचे, आता मला. चहात साखर आहे का, आमटी आंबली का, सगळं दुसऱ्याला विचारायचं. मी लहानपणी समजायची, आबांना चवच नाही."

पंगतीत हसू फुटलं. रामकिसनही हसला. सगुणाबाईंचा घास मात्र हातातच राहिला. माणूस घर सोडून गेला, नोकरी केली, संसार केला, हे त्यांना ठाऊक होतं. तो स्वतःची जीभ या खिडकीत ठेवून गेला होता, हे त्यांना आज कळत होतं.

त्यांनी ताट सारलं आणि त्या उठल्या.

*

दुपारी शेडच्या आतल्या बाजूला, जुन्या लाकडी मापांच्या शेजारी त्यांची बाज असायची. तिथे त्या आडव्या झाल्या. पत्रा तापून बारीक तडतडत होता. सालींचा वास येत होता. तो वास त्या शेडच्या भिंतींत, मातीत, वाशांत इतका मुरलेला होता की फळ नसतानाही यायचा. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि मलमलीखालचा पेला दिवा लावल्यासारखा पिवळा झाला होता.

त्या बघत राहिल्या. बघता बघता पापण्या जड झाल्या, आणि ऊन भाद्रपदाचं झालं.

एकोणऐंशी सालची हरतालिका होती. पाण्याचा थेंबही न घेता पहाटेपासून त्या उभ्या होत्या. तातेरावांनी जालन्याच्या लोहाराकडून दाबयंत्र करून आणलं होतं. 'बारव'चं ते पहिलं यंत्र. त्याच्या रसाचा पेला खिडकीत होता. रामकिसन झाकणं आणायला जालन्याला गेला होता. बाया जेवायला पांगल्या होत्या, सासूबाई घरात कथा ऐकत होत्या. शेडमध्ये त्या एकट्या, हिरवं लुगडं नेसलेल्या, तेहतीस वर्षांच्या. घसा असा कोरडा की गिळताना आवाज यावा. सगळीकडे रस आणि त्या कोरड्या.

केव्हा हात गेला ते त्यांना कधीच आठवलं नाही. पेला रिकामा झालेला तेवढा आठवत होता. तहानेच्या जिभेला तो कडू लागला की गोड, हेही कळलं नव्हतं. मग भीती. व्रत मोडलं. त्याच उन्हाळ्यात तातेराव विषमज्वरातून उठले होते. सासूबाईंना कळलं तर मुलाच्या पुढच्या प्रत्येक आजारपणात त्यांना सुनेचा हा घोट दिसणार. त्यांनी दोन मोसंब्या घेतल्या, आपल्या पद्धतीने सोलल्या, तळव्याने पिळल्या आणि पेला आधीच्याच खुणेपर्यंत भरून ठेवला.

संध्याकाळी रामकिसन तो प्यायला. "अमृत हाय, दादा. भरा."

आठव्या दिवशी बाटल्या परत आल्या. "चाखला होता का नुसता हुंगला होता?" तातेरावांनी सगळ्यांदेखत विचारलं. सासूबाई म्हणाल्या, तंबूतल्या सिनेमाला गेला आसंल. तो तीनदा म्हणाला, "गोड होता, दादा." चौथ्यांदा म्हणाला नाही. सगुणाबाई पीठ मळत होत्या. उद्या सांगू म्हणाल्या. उद्या तो गेला होता.

पत्रा तडतडला. पेल्यावरची मलमल हलली.

एक हात पेला उचलत होता. सगुणाबाईंना वाटलं, तो आपलाच हात आहे, बांगड्यांचा. हात पेला ओठांना लावतोय, थबकतोय, तोंड जरा वाकडं होतंय. मग रस खिडकीबाहेर ओतला गेला, फ्रीजमधून आणलेली ताज्या रसाची थंड बाटली उघडली गेली, आणि खुणेपर्यंत पेला भरला गेला. मलमल परत आली. कडा ओढून घेतल्या गेल्या. हाताला बांगड्या नव्हत्या. घड्याळ होतं.

हरिओम चोरपावलांनी बाहेर गेला.

सगुणाबाई तशाच पडून राहिल्या. राग आला नाही. पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी आपल्याला आरसा धरून दाखवावा, आणि त्यातलं तोंड आपल्याच नातवाचं निघावं, असं त्यांना झालं. किती सोपं असतं ते. किती थोडा वेळ लागतो.

*

ऊन उतरलं. विहिरीकडून पाखरांचा गलका आला, अंबडच्या रस्त्यावरून एक एसटी गेली आणि रामकिसनने सवयीने तिची वेळ पुटपुटली. सगळे शेडमध्ये जमले. टेबलावर कागदांची फाइल होती. नादियाबाई घड्याळाकडे बघत होत्या.

"आबा, घ्या ना तुम्ही," आकांक्षा म्हणाली. "माझं यंत्र आहे. कडू म्हणालात तरी चालेल."

"कडू असून गोड म्हणालो तर?"

"तर मी आहे ना."

रामकिसनने बराच वेळ नातीकडे पाहिलं. मग खिडकीपाशी जाऊन मलमल काढली, नीट घडी केली आणि पेला उचलला. तो ओठांपर्यंत गेला.

"थांबा, भाऊजी," सगुणाबाई म्हणाल्या. "तो पेला सकाळचा न्हाई."

पेला तिथेच थांबला.

"म्हणजे, बाई?" बद्रीनाथने आईला विचारलं.

"दुपारी बदललाय."

"कुणी?"

हरिओम फाइलच्या फितीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. उमाने मुलाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. ती हळूच खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली. सगुणाबाईंनी कुणाकडे बोट केलं नाही.

"आधी माझं ऐका. आजच्या पेल्याचं मंग. भाऊजी, एकोणऐंशी साली पण पेला बदलला होता. मी बदलला होता. हरतालिका होती. मला तहान आवरली न्हाई, मी तुमचा पेला प्याले. अन् माझ्या हातचा ताजा रस भरून ठेवला. तुम्ही तो प्यायलात."

त्यांना वाटलं होतं, हे बोलायला फार वेळ लागेल. तर ते चार वाक्यांत संपलं होतं.

रामकिसनने पेला खिडकीत परत ठेवला. मागे हात नेऊन चाचपडत तो मापांच्या खोक्यावर बसला.

"म्हणजे तो गोड होता," तो म्हणाला.

"गोड होता."

"मी गोड म्हणालो, अन् तो गोडच होता."

"व्हय."

"मंग माझी जीभ बराबर होती."

"कायम बराबर होती, भाऊजी. एक दिवस चुकली न्हाई."

मग हसू येतंय की काय असं त्याच्या तोंडावर झालं, पण ते हसू नव्हतं. "पंचेचाळीस वर्षं मी मीठ दुसऱ्याला विचारून राह्यलो, वैनी. बायको म्हणायची, तुम्हाला माझ्या हातचं आवडतं का तेवढं तरी सांगा. मी म्हणायचो, तूच सांग."

सगुणाबाई खाली बघत होत्या.

"माझं जाऊ द्या. पण दादा गेला, तवा तरी सांगायचं होतं. तो मला खोटा समजून गेला."

सगुणाबाई उठून त्याच्यासमोर, सारवलेल्या जमिनीवर बसल्या. एवढ्या मोठ्या कंपनीची अध्यक्ष बाई जमिनीवर बसलेली बघून बद्रीनाथ पुढे झाला, तर उमाने त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं.

"मी बदलला," हरिओम म्हणाला. "आजचा. मी. आजीनं बघितलं असणार."

"चाखलास?" आकांक्षाने विचारलं.

"तीन वाजता. कडवट लागला जरा. फार नाही."

"मग मला सांगायचंस, दादा."

"सांगितलं असतं तर आज सही झाली असती?"

"नसती झाली. पुढं कधीतरी झाली असती." ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. मग दाराकडे वळली. "प्रत्येक घाण्याचा एक नमुना मी राखून ठेवते. सकाळपासून गाडीत डब्यात आहे, मलमल टाकून. आबांचीच शिकवण आहे ती. एकावर भरवसा टाकू नको म्हणतात."

तिने आणलेला पेला स्टीलचा होता. रामकिसनने तो घेतला. या वेळी त्याने कुणाकडे पाहिलं नाही. घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, आणि शेडमध्ये इतकं शांत झालं की विहिरीवरची मोटार ऐकू यायला लागली.

"कडू हाय," तो म्हणाला.

आकांक्षाने मान खाली घातली.

"थांब. पुरं ऐक." त्याने दुसरा घोट घेतला. "हा सालीचा कडूपणा न्हाई. साल तुझी बिलकुल साफ निघून राह्यली. हा बियांचा हाय. त्यांच्या फळात बी जास्ती असंल. कुठंतरी बी चिरडून राह्यली. दाब कमी कर. रस थोडा कमी निघंल, पण गोड ऱ्हाईल."

आकांक्षाने खिशातून वही काढली आणि उभ्या उभ्याच लिहून घेतलं. हरिओमने नादियाबाईंना इंग्रजीत सगळं सांगितलं, आपण काय केलं तेही. मग त्यांनी फाइल बंद करून पर्समध्ये घातली आणि म्हणाल्या, विमानं रोज असतात, यंत्र नीट झालं की बोलवा. सही त्या दिवशी झाली नाही.

उमाने दिवा लावला. मग तिने चहा टाकला आणि पहिला कप रामकिसनपुढे धरला.

"साखर बघा, काका," ती म्हणाली.

त्याने घोट घेतला. "जास्ती झाली, सूनबाई," तो म्हणाला, आणि उमा कप घेऊन लगबगीने आत गेली, दुसरा करायला.

*

यंत्राचा दाब बसवायला आकांक्षाला वर्ष लागलं. पुढच्या फेब्रुवारीत पेला गोड निघाला आणि कैरोजवळचा कारखाना सुरू झाला. ती आता तिथेच असते आणि तिकडच्या बायांना पांढरं कसं काढायचं ते शिकवते.

हरिओमने त्या संध्याकाळनंतर स्वतःहून विक्रीचं काम सोडलं आणि दोन मोसम अंबडच्या शेडमध्ये पेला राखायचं काम मागून घेतलं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, तर उमाने सांगितलं, वाट बघतो. बद्रीनाथला साखरेचा आजार निघाला. आता तो रस चाखू शकत नाही, नुसता वास घेतो. उमाने रामकिसनचा हिस्सा कागदावर आणवला. रामकिसनने सही करायला चार महिने लावले, तर ती दर गुरुवारी परतूरला जाऊन बसली. नादियाबाई दिवाळीला ठेच्याची मिरची मागवतात.

रामकिसन कैरोला गेला नाही. एसटीचा पास तिकडे चालत नाही म्हणाला. पण 'बारव'चा कुठलाही नवा रस त्याच्या घोटाशिवाय बाजारात जात नाही. वैनीला त्याने माफ केलं की नाही, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तो येऊन तिच्या बाजेशेजारी बसायचा आणि दोघं हातगाडीच्या दिवसांचं बोलायचे, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

सगुणाबाई पंचवीस सालच्या चैत्रात, दुपारच्या झोपेत गेल्या. त्याच्या आधीची हरतालिका त्यांची शेवटची. तातेरावांच्या मागेही त्यांनी ते व्रत सोडलं नव्हतं, उलट दर वर्षी आणखी कडक धरलं होतं. त्या दिवशी भर बाराला रामकिसन फाटकातून आला. हातात कंगोऱ्यांचा पेला, वर ओली मलमल. त्याने खिडकीकडे पाहिलंही नाही. सरळ बाजेपाशी येऊन पेला पुढे केला.

"घ्या, वैनी. साली मी काढल्या, तुमच्यासारख्या."

"आज हरतालिका हाय, भाऊजी."

"ठावं हाय. म्हणूनच आणला."

घरातल्या बाया दारात उभ्या होत्या. सगुणाबाईंनी मलमल काढली, दोन्ही हातांनी पेला धरला. ओठांशी नेऊन थांबल्या.

"चाखलात का?"

"चाखला. गोड हाय."

मग त्यांनी सगळ्यांदेखत, सावकाश, तो पेला तळापर्यंत संपवला.